घरत डॉक्टर आणि साहेबांचा चहा

आमच्या इमारतीतली माणसं भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालून लिफ्टमध्ये शिरतात. सई, ईशान, नेरूळचा मे महिन्यातला घाम तुम्ही टोरांटोत बसून अगदीच विसरला नसाल, तर हे किती अवघड आहे ते तुम्हाला कळेल. कारण एकच आहे. लिफ्टमध्ये घरत डॉक्टर भेटू शकतात.

डॉक्टर माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहतात. कातडीच्या डॉक्टर. दवाखाना बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली, पण नजर काही बंद झालेली नाही. गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेली बोटभर टॉर्च असते आणि पर्समध्ये भिंग. लिफ्टचं दार मिटलं की शेजारी जो कोणी उभा असेल त्याचं मनगट धरून त्या हात उजेडाकडे वळवतात. "हा डाग कधीपासून हाय?" डाग हळदीचा आहे असं सांगून सुटका होत नाही. त्या अंगठ्याने पुसून खात्री करून घेतात. सातव्या मजल्यावर मुलगी बघायला आलेल्या एका मुलाला त्यांनी तळमजल्यापासून वरपर्यंत गजकर्णाची माहिती दिली, मलमाचं नाव सांगितलं आणि टॉवेल वेगळा ठेवायची ताकीद दिली. लग्न ठरलं. मुलीची आई अजून म्हणते, निदान गजकर्णाचं आधी कळलं, बाकी सगळं नंतर कळलं.

भाजीवालासुद्धा त्यांना लांबून येताना बघितलं की वांग्यांवर गोणपाट ओढतो. उगाच चार गिऱ्हाइकांसमोर वांग्याचं निदान नको.

डॉक्टर मूळच्या जासईच्या, आगरी घरातल्या. मुलगी डॉक्टर होणार म्हणून वडिलांनी गावभर पेढे वाटले. बायकांची बाळंतपणं करेल अशी सगळ्यांची समजूत होती. मुलीने गुप्तरोग निवडले. "तवापासून आमच्या बापानं पेढ्यांचं नाव काढलं नाय," असं त्या सांगतात आणि स्वतःच मोठ्यांदा हसतात. पुढे कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या मागच्या बाजूला, जिथे मालाचे ट्रक रांगेने उभे राहतात, तिथे त्यांनी दवाखाना काढला आणि उभं आयुष्य तो चालवला. पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' असं लिहावं लागलं याचा त्यांना अजून राग आहे. "गुप्त कसलं त्यात? कातडं हाय ते. कातडं हाय, कॅरॅक्टर नाय." हे त्यांचं पालुपद. पुरळ असो, खरूज असो, काहीही असो, शेवट या वाक्यावर.

शरीराच्या अवयवांची मराठी नावं त्या भाजीची नावं घ्यावी तशी घेतात, आणि त्यांचा आवाज मुळातच गावच्या बंदरावरून पलीकडच्या होडीला हाक मारण्याइतका आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरींनी फार आडवळणाने विषय काढला. लिफ्टमध्ये लहान मुलं असतात, काही शब्द टाळता आले तर बरं. डॉक्टर उभ्या राहिल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "का? तुमच्या लहान मुलांना ते अवयव बसवलेले नायत काय?" सभा तिथेच संपली. पाण्याच्या टाकीचा विषय पुढच्या वर्षावर गेला.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, बाई फाटक्या तोंडाची आहे. मलाही तसं वाटायचं. मग एकदा आम्ही दोघी रिक्षाने कळंबोलीला गेलो. मला खिडकीच्या जाळ्या करून घ्यायच्या होत्या, त्या मला कारागीर दाखवायला आल्या होत्या. बाजारात पाऊल टाकल्याबरोबर ही मोठ्या आवाजाची बाई एकदम मान खाली घालून, भिंतीच्या कडेकडेने चालायला लागली. चहाच्या टपरीवर उभा असलेला एक पिकल्या मिशांचा माणूस त्यांच्याकडे बघून जरासा सरळ झाला आणि त्याने लगेच तोंड फिरवलं. त्या तशाच पुढे गेल्या. मी विचारलं, ओळखीचा होता का? त्या म्हणाल्या, "मी ओळख देत नाय कुनाला. मी नमस्कार केला तर बाजूवाला विचारील ना, ही बाई तुला कशी म्हाईत? त्यांनी दिली ओळख, तर घ्यायची." आणि देतं का कोणी? त्या म्हणाल्या, "येडे हाव काय वैनी. कोन देनार?"

ज्या माणसांना बरं करण्यात आयुष्य गेलं ती सगळी त्यांच्या अंगावरून न बघता पुढे जातात. त्या दिवशी मी त्यांना लिफ्टमध्ये आपणहून हात पुढे केला. त्यांनी माझ्या कोपराच्या कोरड्या कातडीबद्दल मला दोन मजले बोल लावले.

आता चहाचं सांगते. तुमचे आजोबा गेल्यापासून रोज सकाळचा पहिला कप मी त्यांच्या फोटोपुढे ठेवते, हे तुम्ही पाहिलेलं आहे. तो कप पुढे कुठे जातो ते मात्र तुम्हाला ठाऊक नाही. साडेसातच्या सुमाराला घरत डॉक्टर माझा पेपर वाचायला येतात, फोटोसमोरच्या खुर्चीत बसतात, आणि हात लांब करून तो कप उचलतात. पहिल्यांदा मी दचकले होते. त्या म्हणाल्या, "साहेबांचं झालंय घेऊन. गार हाय, पन मला चालतो." तेव्हापासून तो चहा दोघांचा झाला. मी वेगळा कप देऊ केला तर त्यांनी घेतला नाही. वेगळा कप घेतला तर ते पाहुणपण होतं, असं त्यांचं म्हणणं असावं.

गेल्या वर्षी मी तो चहा बंद केला.

झालं असं की आंघोळ करताना माझ्या हाताला चार-दोन बारीक गाठी लागल्या. जागा अशी, की जिथे आमच्या पिढीच्या बायका 'तिथे' म्हणतात आणि वाक्य सोडून देतात. गाठी साबुदाण्यासारख्या, दुखत नव्हत्या, खाजत नव्हत्या. आठवडे गेले तरी तशाच होत्या. शेजारच्या घरात आयुष्यभर हेच काम केलेली बाई राहते हे मला ठाऊक होतं. तरी मी तिच्याकडे गेले नाही. मी इंटरनेटवर गेले. इंग्रजीत, पूर्ण वाक्यात, योग्य जागी स्वल्पविराम देऊन मी प्रश्न विचारला. उत्तरादाखल जी छायाचित्रं समोर आली ती पाहून मी चष्मा काढून ठेवला. मग चष्मा लावून फोनवरूनच रक्ताची तपासणी मागवली. यादीत हर्पिस नावाची होती, तिच्यावर बोट ठेवलं. मुलगा येऊन रक्त घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी फोनवर रिपोर्ट आला. एक आकडा, आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरात 'पॉझिटिव्ह'.

खाली बारीक अक्षरात पुष्कळ मजकूर होता. कुठलाही कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, म्हणून तुमची आई मला हसते. त्या दिवशी त्या ठळक शब्दाच्या पुढे माझा डोळा सरकला नाही. खात्रीसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला. त्यात हर्पिसपुढे 'नागीण' असं दिलेलं होतं. नागिणीचा कमरेभोवती वेढा पूर्ण झाला की माणूस संपतो असं लहानपणी ऐकलं होतं. एम.ए. झालेली ही तुमची आजी मग आरशापुढे उभी राहून, गोल फिरून, वेढा कुठपर्यंत आला आहे ते पाहत होती.

वेढा नव्हता. पण खरी भीती वेगळीच होती. इंटरनेटने स्वच्छ सांगितलं होतं की हा आजार संबंधांतून येतो. मी आयुष्यात एकाच माणसाबरोबर राहिले. मग त्याने तो कुठून आणला?

तुमच्या आजोबांची नोकरी फिरतीची होती. शेतीचे पंप विकायचे. महिन्यातले निम्मे दिवस जालना, लातूर, सांगली, आणि मुक्काम लॉजवर. येताना प्रत्येक लॉजमधली कागदात गुंडाळलेली साबणाची चपटी वडी माझ्यासाठी घेऊन यायचे. त्या वड्यांचा मला इतकी वर्षं केवढा कौतुकाचा वास यायचा. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी कपाटात तळाशी एक वडी सापडली, तर मी ती दोन बोटांत धरून लांब नेऊन टाकली.

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तो बाजू मांडत नाही आणि आवाजही चढवत नाही. मी फोटो काढला नाही, भिंतीकडे वळवला नाही. ते नाटकी दिसलं असतं. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापुढे चहा ठेवला नाही.

साडेसातला डॉक्टर आल्या, बसल्या, पेपर उघडला, हात लांब केला. हात रिकामा परत गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "साहेबांचं काय चुकलं?"

मी म्हटलं, काही नाही, साखर कमी करायची आहे.

"गेलेल्या मानसाची साखर?" त्यांनी टॉर्च हातात घेतली, चहाच्या जागेवर उजेड पाडला, मग माझ्या चेहऱ्यावर. "वैनी, मला माझा चहा पायजे. काय झालंय ते सांगा."

मी रडले. खरं म्हणजे मला रडायला येत नाही, पण त्या दिवशी आलं. मी फोन उघडून रिपोर्ट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही. "आधी बघायचं, मग रक्त. तुमी उलटं केलं. आमटीत मीठ किती ते चाखून बघायचं सोडून डब्यावरचं लेबल वाचत बसलाव. कुठं हाय गाठ?"

मी म्हटलं, तिथे.

"तिथं म्हंजे कुठं? तिथं म्हंजे पनवेल पन असंल. योनी म्हना. शब्द म्हाईत हाय ना तुमाला?"

मी म्हटलं. इंग्रजीत हा शब्द मी कादंबऱ्यांत अनेकदा वाचला होता. मराठीत, स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या घरात, आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. छत कोसळलं नाही.

मग आतल्या खोलीत पडदे ओढून त्यांनी मला तपासलं. ते मला तुम्हाला सांगायचं आहे. लिफ्ट दणाणून सोडणाऱ्या त्या बाईचा आवाज पलंगाजवळ आल्यावर इतका हलका झाला की मला कान द्यावा लागला. त्यांनी आधी साबणाने हात धुतले, मग ते एकमेकांवर चोळून गरम केले. "आता हात लावते हं," असं म्हणून मगच लावला. जळजळ झाली होती का? पाण्याचे फोड, झुबक्याने? फुटले, खपली धरली, गेले, परत आले, असं काही? मी प्रत्येक वेळी नाही म्हणत गेले. "उठा," त्या म्हणाल्या. "कातडीच्या आतल्या गाठी हायत. छिद्र बुजलं की आतला माल साठतो, त्याची ही पांढरी गोळी. वय झालं की होतात. हर्पिसशी यांचा काय पन संबंध नाय. दुखल्या, लाल झाल्या, मोठ्या झाल्या, तर सांगा. नायतर त्यांना त्यांच्या घरी राहूद्या." आणि लगेच दटावलं, की या वयात नवीन काही हाताला लागलं तर आठवड्याच्या आत कोणाला तरी दाखवायचं, आठवडेच्या आठवडे अंगावर काढायचं नाही.

मी शब्दकोशातल्या नागिणीचं विचारलं. त्या खुर्चीत रेलून हसल्या. "हर्पिस हे आडनाव हाय वैनी. पाटील गावोगाव असतात, म्हनून सगळे सख्खे भाऊ काय? नागीण वेगळ्या घरची."

मग कुठे त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला आणि रिपोर्ट वाचला, खालच्या बारीक अक्षरांसकट. "हे आयजीजी. म्हंजे हा व्हायरस कधीतरी अंगात शिरलाय आनि अंगानं त्याला ओळखून ठेवलंय. कधी शिरला, कुनाकडनं आला, कुठं बसलाय, यातलं रक्ताला काय म्हाईत नसतं. आनि या टेस्टमधी एक नंबर आनि दोन नंबर एकत्रच मोजलेत. एक नंबर म्हंजे बहुतेक ओठावर येनारा. तो बहुतेकांना लहानपनीच भेटतो. घरच्यांच्या मुक्यांनी."

ओठावर? माझ्या लहानपणी ताप उतरला की ओठाच्या कोपऱ्यात बारीक फोडांचा झुबका यायचा. आमची आत्या म्हणायची, ताप ओठावाटे फुटला, सुटलीस. आत्याच्याही ओठावर तो यायचा, आणि आत्या तर येता-जाता पोरांचे मुके घेणारी. तिच्या तडाख्यातून पोस्टमनचा मुलगाही सुटला नव्हता. नंतर तुमच्या आईलाही झाला. आणि सई, प्रत्येक परीक्षेच्या आधी तुझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात येतो, तोही तोच. दागिने मी तुम्हाला दिले नाहीत, ते बँकेत आहेत. हे मात्र आत्यापासून तुझ्यापर्यंत हातोहात, म्हणजे तोंडोतोंड आलेलं आहे. फोड असेल तेवढे दिवस लहान बाळाचा मुका घ्यायचा नाही, एवढं पथ्य डॉक्टरांनी तुझ्यासाठी मुद्दाम सांगितलं आहे.

मी हे सगळं भडाभडा बोलले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांची सगळ्यात जास्त ऋणी आहे. त्यांनी मला खोटा धीर दिला नाही.

"ओठावर यायचा, म्हंजे बहुतेक तोच हा," त्या म्हणाल्या. "पन बहुतेक. दोन नंबर नाय, असं हा कागद सांगत नाय, आनि मी पन सांगनार नाय. दोन्ही वेगवेगळे मोजायची टेस्ट असते. पायजे तर उद्याच करू. औषधपान्यासाठी तुमाला तिची गरज नाय. साहेबांसाठी पायजे असंल, तर तुमी ठरवा."

मी फोटोकडे पाहिलं. तुमच्या आजोबांना मधुमेह होता. वडा खायला बंदी होती. बाहेर कुठे वडा खाऊन आले तर जिना चढून दारात येईपर्यंतसुद्धा त्यांना ते लपवता यायचं नाही. मी दार उघडलं की स्वतःच म्हणायचे, "एकच खाल्ला." मी काही विचारलेलं नसायचं. अशा माणसाने आख्खं जालना माझ्यापासून लपवलं असेल? आणि समजा मला हे चाळीस वर्षं बरोबर राहूनही कळत नसेल, तर प्रयोगशाळेला कुठून कळणार?

मी म्हटलं, टेस्ट नको. स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं. पहिला कप फोटोपुढे ठेवला, साखर नेहमीएवढी. डॉक्टरांनी तो गार होण्याचीही वाट पाहिली नाही.

"कातडं हाय," त्या म्हणाल्या, फुंकर घालत. पुढचं वाक्य त्यांनी साहेबांच्या फोटोकडे बघून गिळलं.

मला वाटलं, झालं. पण दुसऱ्या दिवशी त्या चहा पिऊनही उठल्या नाहीत. पेपर चाळून झाला, परत पहिल्या पानावर आल्या. मग गळ्यातली टॉर्च काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवली, तिच्याशेजारी भिंग. नजर पेपरमध्येच.

"माझ्या पाठीवर एक तीळ हाय. डाव्या खांद्याच्या खाली. आरशात नीट दिसत नाय. वाढतोय का ते बघायला पायजे." पेपरचं पान उलटत त्या म्हणाल्या, "भावाच्या सुना चांगल्या हायत. पन जासईला जाऊन पाठ उघडी करून काय सांगू त्यांना?"

मी विचारलं, कधीपासून आहे? लिफ्टमध्ये हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारतात.

त्या म्हणाल्या, "म्हाईत नाय ना. बघनारं कोन होतं?"

त्यांच्याइतका हलका हात माझा नाही, पण मीही आधी तळवे चोळून गरम केले, आणि हात लावते हं, असं सांगून लावला. त्याच आठवड्यात मी त्यांना वाशीच्या एका तरुण त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन गेले. त्यांनी आधी त्याच्याच मानेवरचा चामखीळ तपासला, मग स्वतःला तपासू दिलं. काळजीचं काही नाही, दर महिन्याला कोणीतरी बघत जा, असं तो म्हणाला.

ते काम माझ्याकडे आहे. पहिल्या तारखेला पेपर वाचून झाला की त्या माझ्याकडे पाठ करून बसतात आणि मी टॉर्च लावते. मसुराच्या डाळीएवढा, कडा सरळ, रंग एकसारखा. "बदल नाही," मी सांगते. त्यांचे खांदे किंचित खाली येतात. तेवढ्याने माझं काम संपतं, पण मी लगेच टॉर्च विझवत नाही आणि त्याही लगेच पदर ओढून घेत नाहीत. फोटोपुढे चहा गार होत असतो.